माळ्याकडे तोंड करून

या, चपला बाहेरच राहू द्या. आणि ते पुस्तक असं मुकाट्याने पिशवीत घालू नका हो. धामणकरांच्या दुकानातली रीत आहे. रहस्यकथा घेतली की माळ्याकडे तोंड करून पहिलं पान मोठ्याने वाचायचं आणि एका वाक्याच्या मध्येच थांबायचं. तो वर काळोखा चौकोन दिसतोय ना? तिकडे. शिडी नाहीच तिथे. का नाही, ते सांगते. मी या घरची सून, पण मला कोणाची भीडभाड नाही.

माझ्या आजेसासऱ्यांचे वडील भार्गवराव, त्यांनी हे दुकान नावारूपाला आणलं. त्यांच्या थोरल्या भावाची बायको ऐन तारुण्यात विधवा झाली. ती माहेरी गेली, असं त्यांनी गावभर सांगितलं आणि तिला ठेवलं या माळ्यावर. ताट शिडीने वर जायचं, रिकामं खाली यायचं. वेळ जाता जाईना म्हणून ती लिहायला लागली, असं सांगतात. बंद खोल्या, विहिरीतली प्रेतं, नाहीशी झालेली माणसं, असलं सगळं. कागद ताटाबरोबर खाली यायचे. भार्गवराव म्हणायचे, "वहिनी, छापखानेवाला हसला. असलं कोण वाचणार? पण लिहीत राहा, तेवढाच विरंगुळा." आणि खाली तीच कथा भार्गवरावांच्या नावाने छापून हातोहात खपायची!

दुकानात त्यांनी पाटी लावली होती, 'येथे मोठ्याने वाचू नये.' लोक म्हणायचे, काय ही सरस्वतीची भक्ती! कसली भक्ती नि कसलं काय. आवाज वर जाईल, ही धास्ती.

एके दिवशी दुर्गाकाकू नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या. वाचायचं म्हणजे पोथी वाचायची, एवढंच त्यांना ठाऊक. मनातल्या मनात वाचता येतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी नवं पुस्तक उघडलं, त्याला नमस्कार केला आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं, "दार उघडलं तेव्हा खोलीत कोणीच नव्हतं, पण पलंगावरचं..." तेवढ्यात त्यांना ठसका लागला.

वाक्य वरून पुरं झालं, म्हणे. "अंथरूण अजून उबदार होतं." मग पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं. सगळं पान तोंडपाठ! शेवटी आवाज चढवून ती म्हणाली, "हे माझं आहे. मी लिहिलंय. लोक वाचतात होय?"

दुकान भरलेलं होतं. शिडी जागेवर होती. एकाने तरी चढायचं की नाही? भार्गवराव एवढंच म्हणाले, "बाधा आहे माळ्यावर." झालं! चांगली शिकलीसवरली माणसं, चपलांचं भान न ठेवता पळत सुटली. दुर्गाकाकूही पळाल्या. दुसऱ्या दिवशी हेच लोक नारळ घेऊन आले आणि उंबऱ्यावर फोडून गेले.

भार्गवरावांनी शिडी फोडून बंबात घातली. मग ताट दोरीला बांधायचे, ती वर ओढून घ्यायची. कागद पुन्हा कधी खाली आला नाही. तिने एकच मागणं केलं, म्हणे, "भावजी, खालच्यांना मोठ्याने वाचू द्या. मी हूं की चूं करणार नाही." तेवढंसुद्धा त्यांनी दिलं नाही. मेल्या माणसाला बोलू नये, पण मला राग येतो.

एकदा ताट वर ओढलंच गेलं नाही. आता खांदा द्यायला तरी माणसं लागणारच. गावाने तेव्हा पाहिलं, बाधा नव्हती, बाई होती.

दुर्गाकाकूंच्या जिवाला ते फार लागलं. त्या रोज इथे येऊन पहिलं पान वाचायच्या, वाक्य अर्धं सोडायच्या आणि वर बघत उभ्या राहायच्या. पाटी काढून टाकली त्यांनीच. भार्गवराव बघत बसले.

आजही लोक वाचतात, थांबतात, हात जोडतात. परीक्षा आल्या की पोरं नवस बोलायला येतात. पुस्तकावर नाव अजून भार्गवरावांचंच आहे. तिचं नाव काय म्हणता? आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही हो. सगळे वहिनीच म्हणायचे.

वाचा आता. जरा मोठ्याने वाचा. ती होती तेव्हा एकदाच कोणी वाचलं, तेही अर्धं वाक्य.