मुठीला मूठ

एका राज्यात असं झालं, की जमीनच खायला उठली. राजा इंदुसेनानं गाडाभर बी टाकावं, कालवा फोडून पाणी सोडावं, खताचे ढीग ओतावेत. माती सगळं गिळायची आणि वर यायची नुसती ताटं, कणसं नाहीत. राजाच्या खळ्यावर धान्य पायदळी पडलेलं एका मांत्रिकानं पाहिलं होतं. त्यानं राज्यावर मूठ मारली. म्हणाला, "सांडशील तेवढं माती गिळेल."

वाड्याच्या कळसावर साळुंकी रोज सांगे, "मुठीला मूठच उतारा." राजानं देशोदेशीचे मांत्रिक आणले. त्यांनी मुठी मारल्या. ढेकूळ हललं नाही.

शिवेवर सकवार नावाच्या बाईची जमिनीची एवढीशी पट्टी होती. तिथं ज्वारी वाकली होती. तिथं सांडलेलं काही नव्हतंच, माती गिळणार काय?

राजा आला. "ही पट्टी आजपासून आमची."

"पट्टी न्याल. मूठ कुठून आणाल?"

साळुंकी बांधावर उतरली. "राजा, उतारा हाच."

राजा म्हणाला, "मूठभर बी, घागरभर पाणी, पाटीभर खत. एवढ्यात आमचं थोरलं शेत पिकव. हरलीस तर पट्टी गेली."

"बरं. पण बैल तुम्ही हाका. माझे हात पेरण्यात गुंततील."

राजानं कासरा धरला. सकवारनं खत चाळून बियात कालवलं. घागरीला भोक पाडून चिंधीची वात घातली, ती पेरायच्या पाभरीमागं बांधली. मग पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरली. बोटांतून दाणा सुटे, नळीतून तासाच्या चरीत पडे, वर थेंब पडे. बाहेरच्या गवताला काही नाही.

"सरळ चाला, महाराज. तास वाकडा जातोय."

राजा सरळ चालला.

राज्यावर मूठ मारलेला तो मांत्रिक विंचू होऊन आला आणि तिच्या मनगटाला डसला. सकवार म्हणाली, "पेरणी झाल्यावर ये रे. आत्ता हात मोकळा नाही." मूठ सुटली नाही.

शेवटचा तास संपला, तेव्हा तळहातावर चार दाणे उरले होते. ते तिनं साळुंकीला घातले. साळुंकीनं चोच मिटली आणि मागं वळून बघावं तो शेत कणसांनी भरलेलं. विंचवाचा माणूस झाला, वाकला, शिवेपार निघून गेला. राज्यातली माती पुन्हा माती झाली.

राजा म्हणाला, "माग, हवी तेवढी जमीन देतो."

"मला माझी पुरते. तुम्हाला तुमची पुरवायची असेल, तर उद्या सकाळी या. मूठ धरायला शिकवते."

राजा गेला, शिकला.

सकवारची मूठ पुरली, तशी तुमची पुरो. सांडलीत, तर माझ्या दारी रडत येऊ नका.