दगड आतून, थापी बाहेरून

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला गर्भ कसा घडतो ते समजावत होते. "बाळाला प्रत्येक जनुक दोनदा मिळतं. एक आईचं, एक बापाचं. बहुतेक वेळा दोन्ही बोलतात. पण काही थोड्यांवर आधीच ठसा मारलेला असतो, की तू गप्प बसायचंस. वाढीचा रस करणारं जनुक बापाकडून येतं ते उघडं, आईकडून येतं ते मिटलेलं. आता हे असं का, तर..."

तेवढ्यात शेजारच्या आळीतून बारशाचं बोलावणं आलं. शिष्याचं लक्ष उडालं. "उरलेलं संध्याकाळी ऐकतो, गुरुजी," म्हणत तो उठला. वैद्यांनी अडवलं नाही.

बारसं बाळंतिणीच्या माहेरी होतं. तिची सासू, तेलाच्या व्यापाऱ्याची बायको, नातीला टोपडं-कुंची आणि सुनेच्या ओटीचं सामान घेऊन आली होती. पाळण्यातली पोर अगदी बारीक. कुंची डोळ्यांवर घसरत होती. सासू म्हणाली, "आमच्याकडची माणसं कशी दांडगी! ही कुणावर गेली गं?"

शिष्य घुगऱ्या खात होता. त्याला राहवलं नाही. "त्यात नवल काय, काकू? बाप वाढवतो, आई रोखते. शास्त्रच आहे तसं."

बायका हसल्या. सासू हसली नाही. "ऐकलंत? पोटातच रोखलं माझ्या नातीला!" सून पदर पसरून पाटावर बसली होती. ओटीचा नारळ सासूने पिशवीतून काढलाच नाही. निघताना एवढंच म्हणाली, "हिला घरी न्यायचं कधी ते मग बघू."

शिष्य घुगऱ्यांचा द्रोण घेऊन घरी आला. संध्याकाळी ऐकायचं उरलेलं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतिणीचे वडील वैद्यांच्या दारात उभे. "बुवा, पोरीला पान्हा फुटेना. बारशात तुमचा शिष्य 'आई रोखते' म्हणाला, तेव्हापासून बाळाला मांडीवर घ्यायलाच भिते. म्हणते, माझ्या अंगातच काहीतरी वाईट आहे, ते हिला लागेल. असं असतं का हो?"

"नसतं," वैद्य म्हणाले. "बाळाला छातीशी धरू द्या, पुन्हा पुन्हा पाजू द्या. मागून माझा माणूस येतो."

शिष्य आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. वैद्य उठले. त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. औषधांची मडकी ते स्वतःच घडवत. चाकावरून उतरवलेली जाड, ओलसर मडकी तिथं सावलीत ठेवली होती. अशा मडक्याला आतून गोल दगडाचा आधार देतात आणि बाहेरून लाकडी थापीनं थोपटतात, मग ते पातळ होत मोठं होतं. वैद्यांनी शिष्याच्या हातात दगड दिला आणि थापी स्वतःच्या पाठीमागे धरली.

"मोठं कर."

"थापी द्या ना, गुरुजी."

"कशाला? ती तर रोखते."

शिष्यानं आतून दगड रेटला. मडक्याला एका बाजूला पोट आलं, ताणलं गेलं आणि फाटलं. वैद्यांनी दुसरं मडकं पुढं केलं, दगड काढून घेतला, थापी दिली. दोन-चार थापांत ते आत बसलं.

"आता सांग, एकट्या दगडानं किंवा एकट्या थापीनं मडकं घडतं का?"

शिष्याला वर बघवेना. "गुरुजी, शब्द तर तुमचेच होते."

"माझेच. पण तू अर्धे नेलेस, आणि मी नेऊ दिले. ती लाज माझ्याही वाट्याची आहे. आता उरलेले ऐक. उंदरांवर हे करून पाहिलंय. दोन्ही ठसे बापाचेच असले तर नुसती वार, म्हणजे गर्भाला पोसणारी नाळेची गादी, माजते, बाळ धरत नाही. दोन्ही आईचेच असले तर बाळाचा आकार दिसू लागतो, पण त्याला पोसणारी वारच नीट होत नाही, तेही जातं. एक रेटतो, एक आवरते, म्हणून जीव घडतो. आणि तो मिटलेला ठसा प्रत्येक आईचा असतो. त्या सासूनंही आपल्या मुलाला मिटलेलंच दिलं. त्या मुलानं लेकीला देताना जुना ठसा पुसला आणि बापाचा, उघडा मारला. ही पोर उद्या आई होईल तेव्हा पुन्हा मिटवून देईल."

"मग ही बारीक का?"

"ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं बारशात बोलू नये."

शिष्य आधी व्यापाऱ्याच्या घरी गेला. सासू दारातच म्हणाली, "या, शास्त्रीबुवा! अजून काही उरलंय का सांगायचं?"

"उरलंय, काकू. तेच राहून गेलं होतं." त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे मीसुद्धा माझ्या लेकाला...?"

"प्रत्येक आई, काकू."

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "माझा लेक झाला तेव्हा आंब्याच्या कोयीएवढा होता. माझ्या सासूबाई काय काय बोलल्या होत्या मला. विसरलेच होते बघ." मग आत जाऊन तिनं तीच पिशवी उचलली. नारळ तसाच होता.

माहेरी बाळंतिणीच्या खोलीत शेजारच्या बायका जमल्या. सासूनं ओटी भरली. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. शिष्य दाराशी उभा राहून पुटपुटला, "वहिनी, माझं चुकलं. तुम्ही रोखलं नाहीत. तुम्ही आवरलंत, म्हणून ती घडली."

सुनेनं मान वर केली नाही. बाळाची कुंची नीट करत म्हणाली, "बारशाला मोठ्यानं बोलला होतात. आज इतकं हळू का?"

शिष्याचे कान तापले. तो खोलीच्या मधोमध आला आणि तेच शब्द पुन्हा बोलला. ओसरीवरच्या बायकांनाही ऐकू जातील इतके मोठ्यानं.

तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि पदराखाली धरलं. शिष्य मान खाली घालून बाहेर पडला.

दोष चारचौघांत दिला असेल, तर तो परतही चारचौघांतच घ्यावा लागतो.