महापुराची गिनती

भोरजवाडीत घरटी एक फौजी, आणि त्या सगळ्यांत मानाचे निवृत्त कर्नल हैबतराव निकम. ऐन निवडणुकीत त्यांनी आमदार बापूसाहेब इंगवल्यांचा पक्ष सोडला आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या नर्स वैजयंता मेश्राम यांना पाठिंबा दिला. बाई भंडाऱ्याकडच्या, म्हणजे गावाला परक्याच.

बापूसाहेबांना ते भलतंच झोंबलं. भर सभेत समोर बसलेल्या कर्नलांच्या हाती माईक देववून त्यांनी मिशीला पीळ भरला. "काय हो कर्नलसाहेब, पलटण सोडून जाणाऱ्याला फौजेत काय म्हणतात?"

"पळपुटा," कर्नल शांतपणे म्हणाले. व्यासपीठ खो खो हसलं.

"पण पळपुटा कोण, हे आम्ही फौजी गिनती, म्हणजे हजेरी घेऊन ठरवतो. मंडळी, आपलं गाव बुडालं त्या महापुराच्या दिवसाची गिनती आज घेऊ. मी नाव पुकारतो. तो माणूस त्या दिवशी पुरात तुमच्याबरोबर असेल, तर तुम्हीच 'हाजिर' म्हणा. बापूसाहेब इंगवले!"

सभा चिडीचूप.

"वैजयंता मेश्राम!"

"हाजिर!" अख्खं मैदान गरजलं. त्यात व्यासपीठावरचा बापूसाहेबांचा सख्खा मेहुणाही होता.

कर्नलांनी माईक परत केला. "पलटण तुम्ही सोडलीत, बापूसाहेब. मी तर आता कुठं रुजू झालोय."