वेशीबाहेरचा रांजण

आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होण्याआधी, पांढरीचं एक टेकाड आहे. पांढर म्हणजे उठून गेलेल्या गावाची माती. तिथं घर नाही, देऊळ नाही, भिंतीचा मागमूस नाही. फक्त एक दगडी वेस उभी आहे. दोन्ही बाजूंना मोकळं रान आणि मधे दार नसलेली चौकट, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. मलाही आलं होतं. शेळ्या वेशीतून जातात, शाळेची पोरं जातात. आमच्या घरचे पुरुष मात्र वळसा घालतात. वेशीच्या बाहेर, उंबऱ्याला लागून, गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण आहे. तो रिकामा राहू देत नाहीत.

या गावाचं नाव मात्र कुठंच सापडत नाही. आमच्या ह्यांनी, म्हणजे सोपान साबळे यांनी, ते शोधायला काही बाकी ठेवलेलं नाही. साबळ्यांचं मूळ गाव ते. जुन्या नकाशात तिथं ‘ओसाड’ एवढंच लिहिलंय. वंशावळ सांगणारा भाट येतो, पूर्वजांची नावं घडाघडा म्हणतो, आणि गावाशी आला की खाकरून पुढच्या पिढीवर जातो. ह्यांचा ध्यास असा, की माझे वडील मला पहिल्यांदा पोचवायला आले, तेव्हा एस.टी.त उभ्यानं आलेल्या त्या माणसापुढं ह्यांनी आधी वंशावळ उलगडली. पाणी मागाहून आलं. मधे बोलायची माझी सोय नव्हती. नवी सून होते.

आमच्यात नव्या सुनेला पहिल्या चैत्रात वेशीवर नेतात. मला चुलतसासूंनी नेलं, अनशाकाकींनी. भरली घागर माझ्या डोक्यावर, आणि मागं मागं हे.

“काकी, मी नुसतं ऐकतो. लांबूनच,” हे म्हणाले.

“तू तुझ्या फोनमदी गाव हुडीक. बाभळीच्या फुडं पाय टाकायचा न्हाई.”

हे बाभळीखाली थांबले. काकींनी मला उंबऱ्यावर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. हे सांगणं त्यांना त्यांच्या सासूकडून आलेलं, सासूला तिच्या सासूकडून.

सलग तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही, असं सांगतात. आधी गुरं गेली, मग माणसं झाडांच्या साली उकडून खाऊ लागली. या गावाची बारव तेवढी तग धरून होती. पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, पण तळाला पाणी होतं. ही बातमी डोंगरापलीकडं गेली आणि माणसं येऊ लागली. सुभानजी साबळे तेव्हा पाटील होते. वाईट माणूस नव्हता म्हणे. हे काकींनी दोनदा सांगितलं. त्यांनी गाव देवळात गोळा केलं, बेलभंडार उचलला आणि गावाच्या नावानं शपथ घातली, की बाहेरच्याला पाणी द्यायचं नाही. घराघरातल्या पुरुषांनी गावाचं नाव घेऊन भंडार कपाळाला लावला. सुनांना कुणी बोलावलं नाही. वेशीचं दार लागलं, मागं अडसर पडला.

पाटलांची धाकटी सून नवीच होती.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

“सुनंचं नाव कोन ध्यानात ठिवतंय, बाई? माहेर ठाऊक हाय. धामणदरा. त्ये बी आता न्हाई.”

एके दिवशी भर उन्हात धामणदऱ्याची माणसं वेशीबाहेर येऊन बसली. त्यांत तिचे आईबाप होते आणि धाकटा भाऊ. बापानं दारावर हात ठेवून हाक दिली, “पाटील, व्याही आलोय. लेकीच्या घरचं पाणी आमाला चालत न्हाई, ठाऊक हाय तुमाला. पोराला तेवढं घोटभर द्या.”

आतून पाटील म्हणाले, “व्याही, तुमाला उघडलं तर तुमच्या मागं बसल्यात त्यांना काय सांगू?”

बापानं दारावरचा हात काढला. त्यालाही ते खरंच वाटलं असावं.

तेवढ्यात सून बारवेवरून भरली घागर घेऊन आली. सासऱ्यापुढं कधी मान वर न केलेली ती, वेशीत उभी राहिली.

“मामंजी, मी कुठली?”

“तू या गावची.”

“मग गावची म्हणून मागते. दार उघडा.”

“गावची हायेस म्हणूनच उघडता येत न्हाई. शपथ झालीय.”

“मी भंडार लावला न्हाई. मला कुनी इचारलं न्हाई.”

कुणीतरी तिचा दंड धरला. तेव्हा तिनं घागर तिथंच उंबऱ्यावर पालथी केली. पाणी दाराखालून बाहेर धावलं. पण माती तीन वर्षांची तहानलेली. ते हातभर गेलं आणि दिसेनासं झालं. पलीकडून उंबऱ्याला जीभ लावल्याचा आवाज आला, असं सांगतात. तिला पुन्हा बारवेकडं कुणी जाऊ दिलं नाही.

बाहेर आधी हाका होत्या, मग कण्हणं, मग काहीच नाही. जी चालू शकत होती ती माणसं निघून गेली. आईबापांचं काय झालं, ते सांगण्यात आलेलं नाही. गावानं दार उघडलं, तेव्हा भाऊ उंबऱ्याशी पालथा होता. त्याच्या तोंडात ओल गेलेली माती होती.

“तिनं शाप दिला?” मी विचारलं.

“शाप देनारी बाई येगळी. ही रडली बी न्हाई. घागर भरून आनली, भावाचं तोंड धुतलं आन् पाणी आत सोडलं. ते वापस भाईर आलं. पाटील बघत व्हते.”

त्याच वर्षी पाऊस आला, धो धो. पाटलांनी देवळात गावाच्या नावानं नारळ फोडला आणि तीर्थ घेतलं. ते घशाखाली उतरलं नाही, ओठांवरून परत आलं. मग एकेकाचं तसंच होऊ लागलं म्हणे. ज्यानं भंडार लावला होता, त्यानं गावाचं नाव घेतलं की त्याला घोट उतरेना. बारव काठोकाठ भरलेली आणि गाव तहानलेलं. माणसं घरं सोडून निघाली. जातील तिथं कुणी मूळ विचारलं, तर शेजारच्या गावाचं नाव सांगू लागली. असं करत करत ते नाव पुरुषांच्या तोंडून गेलं.

पाटील सगळ्यांत शेवटी अंथरुणाला खिळले. जीभ कोरडी पडली होती. त्यांनी सुनेकडं पाणी मागितलं, आणि गावाचं नाव कायमचं बुडवून टाक, असंही सांगितलं.

सून म्हणाली, “पाणी देते. नाव बुडवायचं न्हाई. बुडालं तर झालंच न्हाई असं म्हनाल. तुमच्या रक्तानं ते तोंडात घ्यायचं न्हाई. आमी परक्या घरून येतो, आमी ठिवू. वेशीभाईर रांजण पुरा. तुमच्या पुरुषांनी भरायचा, त्यांनी त्यातलं प्यायचं न्हाई.”

आणि तिनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. तो घोट उतरला की नाही, हे काकींच्या सासूनं सांगितलं नव्हतं.

गोष्ट संपल्यावर काकींनी मला डोंगराकडं तोंड करून माझ्या माहेरच्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायला लावलं. मग मी घागर उंबऱ्यावर ओतली. पाणी दाराच्या जागेवरून बाहेर गेलं, कुणी अडवलं नाही. काकींनी माझ्या कानाशी तोंड आणून गावाचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. अगदी साधं होतं. ओढ्याकाठचं झाड पाहून कुणी ठेवावं, तसं.

बाभळीपाशी हे उभेच होते. “काय सांगितलं? पहिलं अक्षर तरी सांग.”

“माझे वडील आले होते, तेव्हा त्यांना पाणी कधी दिलं, आठवतंय?” मी म्हणाले.

ह्यांनी आठवून पाहिलं. आठवलं असावं. माझ्या हातातली रिकामी घागर घेतली, खालच्या बोअरवरून भरून आणली, आणि वळसा घालून रांजणात ओतली. काकी पदराआड हसल्या. मला हसू आलं नाही.

आजही वाटसरू त्या रांजणातलं पाणी पितात, आणि साबळ्यांचे पुरुष ते भरून कोरड्या तोंडानं घरी येतात. वंशावळीत मूळ गावाची जागा कोरीच आहे. नाव मी जपून ठेवलं आहे. या घरात सून होऊन येणाऱ्या एका मुलीसाठी. ती अजून जन्मली आहे की नाही, तिचं गाव कोणतं, मला ठाऊक नाही. पण तिला पोचवायला कुणी ना कुणी येईल, आणि दूरवरून आलेलं असेल.