गळकी पेंग्विन

फार फार पूर्वी, समुद्रांना नावंसुद्धा नव्हती ना, तेव्हा एका खडकाळ बेटावर पेंग्विनांचं राज्य होतं. बेटावर गोड पाण्याचा थेंब नाही. मासे खारट, पाणी खारट, सगळंच खारट. तरी पेंग्विन मजेत. कारण त्यांच्या डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते. ती रक्तातलं जादा मीठ गाळते, आणि ते खारं पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येऊन टपटप गळतं. मान झटकली की झालं काम.

एकदा लांबच्या तळ्यावरचा एक हंस वाट चुकून तिथं उतरला. पेंग्विनांच्या सरदाराकडे बघून म्हणाला, "सर्दी झालीय का हो तुम्हाला?"

सरदाराला ते इतकं लागलं की विचारू नका. घरट्यांच्या जागा दरवर्षी तोच वाटायचा. त्यानं फर्मान काढलं, यंदा ज्याची चोच ओली, त्याला जागा नाही.

मग काय, सगळ्यांनी नाकपुड्यांत चिखल कोंबला. सरदारानं तर सगळ्यांत आधी. फक्त एक मादी तशीच रांगेत उभी राहिली, टपटप करत. तिचं अंडं आज-उद्यावर आलं होतं.

तिचा नवरा कुजबुजला, "अगं, चार दिवस बुजव ना नाक. जागा तरी मिळेल."

"आणि मीठ कुठे जाईल? डोक्यात साठेल. काढ आधी तुझा चिखल."

त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि गुपचूप काढला.

सरदार तिच्यावर खेकसला, "ए गळके, चारचौघांत लाज नाही वाटत?"

"माझं अंग त्याचं काम करतंय, सरदार. लाज कसली? मी नाही बुजवणार."

"मग जा खाली, लाटांपाशी."

ती गेली, मागोमाग नवराही. तिथंच अंडं घातलं. भरती आली की दोघं लाटांकडे पाठ करून अंड्याभोवती उभी राहायची. भिजायची, पण हलायची नाहीत.

चौथ्या दिवशी वरचा नेहमीचा कलकलाट थांबला. नवऱ्याकडे अंडं सोपवून ती वर चढली. बघते तर सगळे आडवे. डोळे सुजलेले, घसा कोरडा. तहान लागली म्हणून समुद्राचं पाणी पीत गेले आणि आतलं मीठ वाढतच गेलं. वर अंडीचोर पक्षी घिरट्या घालत होते, आणि त्यांना हाकलायला कुणात उठायचं बळ नव्हतं.

तिनं चोचीनं सरदाराच्या नाकपुडीतला चिखल उकरला.

"कोण आहे?" तो पुटपुटला.

"गळकी."

सरदार फटकन शिंकला आणि खाऱ्या पाण्याची धारच लागली. मग ती एकेकाचं नाक मोकळं करत सुटली, मध्येच पंख आपटून त्या चोरांना पळवत.

संध्याकाळी सरदार म्हणाला, "मधली, उबेची जागा तुझी. चुकलं माझं."

"जागा घेते. पण फर्मान मागं घ्या. सगळ्यांसमोर, आणि चोच न पुसता."

सरदार उंच दगडावर चढला. टप, टप, टप. कुणीही हसलं नाही. उलट सगळ्यांनी एकदम माना झटकल्या.

मग दोघांनी अंडं जपून वर आणलं. महिन्याभरानं तिचं पिल्लू मधल्या घरट्यात अंडं फोडून बाहेर आलं, आणि पुढे पहिला मासा खाल्ल्यावर त्याचीही चोच गळली.

तात्पर्य: जे अंग आपल्याला जगवतं त्याची लाज धरू नये, आणि कुणी धरायला लावली तर सरळ नाही म्हणावं.