राजाच्या रथावरचा ओरखडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षं, ते मोजत बसू नका. मोजणारे कधीच मातीत गेले. एक राज्य होतं. राज्याला राजा होता, राजाला रथ होता, आणि रथ हाकायला एक सारथी होता. गोष्ट सारथ्याची आहे. राजे काय, सगळ्याच गोष्टींत असतात.

रथ मोठा देखणा. लाकडावर आधी खडू आणि डिंकाचा पांढरा लेप, त्यावर लाल रंग, आणि रंगावर काचेसारखं रोगण. अशी तीन कातडी होती त्याला. ऊन पडलं की त्या लालीत बघणाऱ्याला आपलं तोंड दिसायचं. तोंड बरं नसेल त्यानं बघू नये, त्यात रथाचा दोष नाही.

त्या राज्यात एक रीत होती. शेतं पिकली की राजा रथात बसून शिवारात जायचा आणि पहिली कणसं आपल्या हातानं खुडून आणायचा. तोवर कुणी विळा उचलायचा नाही. आणि रथ निघण्याआधी राजाची म्हातारी आई रथाच्या अंगावरून तळहात फिरवायची. ती आंधळी होती. हात सुखानं फिरला तर ती म्हणायची, "जा." नाही फिरला तर रथ जागचा हलायचा नाही.

सारथी नवा होता. रथाचा लगाम हातात येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी तो दगडाच्या खाणीवर गाडी हाकायचा, आणि लगाम गेला तर पुन्हा तिथंच जावं लागणार, हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

त्याच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. लग्नात व्याहीण चारचौघींत म्हणाली होती, "घोडे हाकतात म्हणे. घोडे काय हो, कुणीही हाकतं." तेवढं त्याच्या मनात रुतून बसलं. कणसांच्या दिवसाला नऊ दिवस उरले असताना व्याही-व्याहीण घरी येणार असं कळलं, आणि सारथ्याच्या डोक्यात किडा वळवळला.

तो पागेच्या नाईकाकडे गेला. पागेचा नाईक म्हणजे घोडे, रथ, सामान, सगळं ज्याच्या ताब्यात तो.

"नाईक, चाकांचा आस कुरकुरतोय. सुताराकडून वंगण घालून आणतो. दोन दिवसांत रथ परत."

"दोन म्हणजे दोन," नाईक म्हणाला.

आस कुरकुरत नव्हता. आस बिचारा गप्प होता.

सारथ्यानं रथ थेट घरी आणला. व्याहीण ओसरीवर बसलेलीच होती. तिला नीट दिसावा म्हणून त्यानं रथ अंगणात घ्यायचं ठरवलं. फाटक अरुंद, रथ रुंद, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण माणूस ऐटीत असला की त्याला फाटक रुंद दिसतं. फाटकाची लोखंडी कडी बाहेर आलेली होती. ती रथाच्या कुशीत शिरली आणि चर्रर्र करत वीतभर गेली.



"रथ छान आहे हो," व्याहीण म्हणाली. "फाटकच जरा लहान आहे तुमचं."

पाहुणे जेवून गेले.  सारथी रथापाशी उकिडवा बसला. ओरखडा वीतभर लांब होता, आणि आत पांढरं दिसत होतं.

घरात त्याची सासू राहायची. तिनं जन्मभर लाखेची खेळणी रंगवली होती, त्यामुळे तिच्या बोटांना रंगाची जेवढी अक्कल होती तेवढी सारथ्याच्या सगळ्या खानदानाला नव्हती. ती काठी टेकत बाहेर आली.

"जावईबापू, नख फिरवा त्याच्यावरनं."

"कशाला?"

"फिरवा तर."

त्यानं नख आडवं फिरवलं. नख अडकलं.

"अडकलं ना? मग रोगणाच्या खाली गेलाय. वरवरचा असता तर घासून निघाला असता. हा भरायचा. आधी पाण्यानं स्वच्छ धुवा, धुळीचा कण राहता कामा नये. मग गवताच्या काडीनं थेंब थेंब लेप सोडायचा, नुसता चिरेत. एक दिवस वाळू द्यायचा. मग रंग, तोही असाच, तीन वेळा. मग रोगण. शेवटी थोडा उंचवटा राहील, तेवढाच ओल्या पानानं हलकेच घासून सपाट करायचा."

"दिवस किती?"

"सात."

"सासूबाई, रथ परवा पागेत द्यायचाय!"

"कणसांना नऊ दिवस आहेत. नाईकाला जाऊन सांगा, ओरखडा पडला, सात दिवस द्या."

"आणि पडला कुठं म्हणून सांगू?"

"पडला तिथं."

सारथी उठून उभा राहिला. "तुमचं काय जातंय? लगाम माझ्या हातातला जाईल."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि आत जाऊन पडली. तिला दुसऱ्यांदा सांगायची सवय नव्हती.

सारथ्यानं विचार केला. भरायला सात दिवस लागतात, पण घासायला एकच लागतो. ओरखडा म्हणजे काय, तर एक खाच. खाचेच्या दोन्ही काठांची उंची कमी केली की खाच राहीलच कुठं? आंधळ्या म्हातारीचा हात अडकला नाही म्हणजे झालं.

त्यानं खरवताच्या झाडाची पानं आणली. ती पानं वाघाच्या जिभेसारखी खरखरीत असतात. सुतार त्यांनी लाकूड गुळगुळीत करतात. सारथी घासू लागला. रोगण गेलं, लाल भुकटी उडाली. नख फिरवलं, अडकलं. आणखी घासलं. आता भोवती पांढरं दिसू लागलं, म्हणून त्याच्या भोवती घासलं. काठ बुजवायला घासायचं, नवा काठ झाला की तोही घासायचा. दुपारपर्यंत वीतभर चीर ताटाएवढी जागा झाली.

पण नख अडकेना. सारथी खूश झाला.

मग त्यानं त्यावर लाल रंगाचा एक पातळ हात मारला, वर रोगण फासलं, चुलीतली राख आणि जवसाचं तेल घेऊन चोळ चोळ चोळलं. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. जवळून बघायला त्याला वेळ नव्हता.

सासू दारात येऊन बघत होती.

"कसा झालाय?" त्यानं विचारलं.

"चकाकतोय," ती म्हणाली, आणि वळून आत गेली.

ठरल्या दिवशी रथ पागेत गेला. नाईकानं आसाला हात लावला, मान डोलावली. सारथ्याला वाटलं, जिंकलं.

कणसांचा दिवस उगवला. सगळं गाव विळे घेऊन वाड्यापुढं जमलं. राजा आला. आंधळ्या आईसाहेबांना दोघींनी धरून आणलं. त्यांनी पुढच्या बाजूवरून तळहात फिरवला, मग डावीकडून, मग मागून. उजवीकडं आल्या. हात निम्म्यापर्यंत गेला, पुढं गेला, आणि मागं आला. पुन्हा तिथंच गेला.



"कुठं अडला का हात, आईसाहेब?" राजानं विचारलं.

"अडला नाही," म्हातारी म्हणाली. "बुडाला."

"लाकूडच तसं आहे, आईसाहेब," सारथी घाईनं म्हणाला. "जुनं लाकूड आहे, बसतं कधीकधी."

"लाकूड बसतं तेव्हा लांबलचक बसतं, बाबा. असं ताटासारखं गोल बसत नाही. हा रथ तिरपा करा आणि पाणी ओता याच्यावर."

घोडे सोडले. आठ जणांनी रथ कलता केला. उजवी कूस आभाळाकडे आली. एकानं तांब्याभर पाणी ओतलं. सगळीकडून पाणी घसरून गेलं. त्या एका जागी मात्र बशीत राहावं तसं राहिलं. आणि राहिलं ते राहिलं, हळूहळू लालसर होऊ लागलं. घाईत मारलेला रंग आतून वाळलाच नव्हता. बघता बघता खालून पांढरं दिसलं, पांढऱ्यातून लाकूड दिसलं.



मग सारथ्यानं सगळं सांगितलं. फाटक, कडी, व्याहीण, सुतार, सगळं. नऊ दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर ऐकायला एकटा नाईक होता. आता सगळं गाव होतं.

 राजा चप्पल काढून पायी शिवाराकडे निघाला, आणि त्याच्यामागं सगळं गाव उन्हातून चालत गेलं. रथाशिवाय कणसं आणायची ती पहिलीच वेळ. सारथ्याचा लगाम त्याच दिवशी दुसऱ्याला दिला.

आता रथाची ती पूर्ण बाजू खरवडून पहिल्यापासून रंगवायची होती. सारथ्याच्या सासूला बोलावणं गेलं. चाळीस दिवसांचं काम निघालं. एकेक थर वाळेपर्यंत त्यावर माशी बसू नये म्हणून पंखा घेऊन कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. ते काम सारथ्याला दिलं. हलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बसायचं.

तिसऱ्या दिवशी नाईक तिकडून चालला होता. सारथी न राहवून म्हणाला, "नाईक, एवढ्या वर्षांत या रथाला एकही ओरखडा पडला नव्हता. माझ्याच नशिबी आला."

नाईक थांबला. त्यानं सारथ्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट रथाच्या मागच्या फळीवर एका ठिकाणी टेकवलं.

"काय लागतंय?"

"काही नाही."

"इथं माझ्या हातून भाला घासला होता. सारथी होतो मी तेव्हा. इथं माझ्या आधीच्याची चूक आहे. इथं त्याच्या आधीच्याची, तो तर रथ विहिरीच्या काठावर घेऊन गेला होता. असे सतरा आहेत. प्रत्येक जण त्याच दिवशी येऊन सांगून गेला, म्हणून सतराही भरता आले."

सारथी फळीवरून बोट फिरवत राहिला. सतरातला एकही त्याला सापडला नाही.

"पंखा," रथाच्या पलीकडून सासू म्हणाली. "माशी बसतेय, जावईबापू."

तात्पर्य: चूक घासून मिटत नाही, उलट पसरते, ती वेळेवर सांगावी आणि धीर धरून भरावी.