खेकडीचा विषय

माणसांना शाळा सुचायच्या कितीतरी आधी एका डोहात शाळा भरत असे. एका उन्हाळ्यात डोह आटू लागला. कासवबाईंनी मुलांना संशोधनाला बसवलं. उपयोगाचं काही सापडलं नाही, तर सगळ्यांनाच डोह सोडावा लागणार होता.

“माझा विषय पाणी,” खेकडी म्हणाली.

“अगं, कुठलं पाणी? समुद्र काय तुझ्या माहेरचा आहे?” बाई म्हणाल्या.

“मग आपला डोह?”

“अजून जवळ ये. तुला रोज कसलं कोडं पडतं?”

खेकडी लाजली. “मी राहते त्या दगडाखाली भर उन्हातही पाणी गार कसं?”

“एवढासाच विषय? घराबाहेर तरी पड गं!” बेडूक हसला. त्याचा विषय होता ‘पाऊस, काल आणि आज’, आणि तो अजून प्रस्तावनाच करत होता.

खेकडी दगडाखाली उकरत राहिली. एका सकाळी तिच्या नांगीला थंडगार धार लागली आणि गाळाने बुजलेला झरा उसळून वर आला. डोह भरला. बाईंनी तिला पाठीवर बसवून डोहभर मिरवलं.

“आता तरी मोठा विषय घे,” बेडूक म्हणाला.

“घेतलाय ना,” खेकडी म्हणाली, “शेजारचा दगड.”